रेडिओ भंगारात, कारागीर वाऱ्यावर

मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको ही नावे ज्यांच्या लाकडी पेट्यांवर झळकत असत, ते व्हॉल्व्हचे रेडिओ पुन्हा बाजारात आले आहेत. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक आहे. उपाहारगृहांच्या भिंतींवर त्यांच्यासाठी फळ्या ठोकल्या जात आहेत. चित्रपटांच्या आणि मालिकांच्या सेटवर ते भाड्याने जात आहेत. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की जुन्या यंत्रांविषयी समाजात आदर वाढला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. यांतील कितीतरी पेट्यांमधील चेसिस, म्हणजे ज्या पत्र्यावर रेडिओचा सारा जीव बसवलेला असतो तो भाग, उपटून भंगारात घातलेली असते आणि तिच्या जागी तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर चिकटवलेला असतो. वाघ मारून त्याच्या कातड्यात भुसा भरावा आणि तो दिवाणखान्यात उभा करावा, त्यातलाच हा प्रकार. संस्थानिकांना तो शोभत असे. आता संस्थाने गेली आहेत आणि ही हौस मध्यमवर्गाच्या गळ्यात पडली आहे.

जुने रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच भंगारातून उचलून पुन्हा चालू करणे हा निवृत्त, फुरसती माणसांचा छंद आहे, राजकारणाचा त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. परिवर्तनवादी म्हणवणाऱ्यांनाही तसेच वाटते, हे अधिक खेदाचे. यंत्र कोणी उघडावे, त्याच्या आतले ज्ञान कोणाच्या मालकीचे, ते मोडीत निघाल्यावर त्याचे विष कोणाच्या फुप्फुसात जावे आणि सार्वजनिक पैशातून विकत घेतलेले यंत्र किलोच्या भावाने विकण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न जर राजकीय नसतील तर राजकीय म्हणावे तरी कशाला?

या देशात रेडिओ आला तो मूठभरांची चैन म्हणून. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनी खासगी होती आणि तिचा निर्वाह मुख्यतः परवाना शुल्कातील वाट्यावर होता. ऐकणारे इतके थोडे की तीन वर्षे पुरी होण्याच्या आत, १९३० साली, तिचे दिवाळे वाजले. नफा दिसेना तेव्हा भांडवलाने पाय काढता घेतला आणि सरकारला ते काम अंगावर घ्यावे लागले, ही कथा पुढे या देशात अनेक उद्योगांत अनेकदा घडली. १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. १९४७ साली स्वतंत्र भारताच्या वाट्याला अवघी सहा केंद्रे आली. घरी संच ठेवायचा तर पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. खिडकीच्या वर ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल ही ज्या काळात प्रतिष्ठेची खूण होती, त्या काळात चाळीच्या एका बिऱ्हाडातील संचाभोवती सारा मजला गोळा होत असे. रेडिओचे हे सामूहिक ऐकणे गरिबीतून आले हे खरे. पण त्यातून जे निर्माण झाले ते गरीब नव्हते.

त्या सामूहिकतेला एक संघटित रूप महाराष्ट्राच्या भूमीतच मिळाले, याची आठवण आज फार थोड्यांना आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत चावडीवर, शाळेत किंवा देवळाच्या ओवरीत लोक आठवड्यातून दोनदा जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि त्यातून जे दिसले ते उत्साहवर्धक होते: ऐकून गप्प बसणारा श्रोता आणि ऐकून आपसांत बोलणारा श्रोता यांच्यात ज्ञानाच्या दृष्टीनेही अंतर पडते. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

मग ती पुढे का मंदावली? कारणे अनेक आहेत, परंतु त्यांतील एक कारण विद्वानांच्या ग्रंथांत तळटीपेपुरते उरते आणि गावात मात्र तेच पहिले असे. संच बंद पडत असे. गावात वीज नसे, कोरडी बॅटरी संपली की नवी येईपर्यंत महिने जात; एखादा व्हॉल्व्ह गेला, एखादा कंडेन्सर फुटला की पेटी कपाटात जाई आणि कपाटाची किल्ली ग्रामसेवकाच्या खिशात. कार्यक्रम तयार करणारे होते, भाषणे लिहिणारे होते, उद्घाटनाला मंत्री होते. नव्हता तो तालुक्याच्या गावी बसणारा, हातात मीटर आणि सोल्डरिंगचे हत्यार असलेला, नियमित पगार मिळणारा मेकॅनिक. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा ‘साइट’ प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला, तेव्हा दुरुस्तीची व्यवस्था मूळ आराखड्यातच धरलेली होती. त्यामुळे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री आणि तिच्याखाली ठेवलेला संच असे वर्षभर बऱ्यापैकी चालले. वर्ष संपले, अमेरिकेचा उपग्रह परत गेला. तो भाग वेगळा. दुरुस्ती हे नियोजनाचे अंग आहे की नंतरचा उपचार, या एका प्रश्नावर दोन योजनांचे भवितव्य कसे पालटते हे येथे स्पष्ट दिसते.

समाजवादी चळवळीने तरी रेडिओच्या कारागिराला विसरू नये. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा मुंबईत भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ उभा राहिला. उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी ही तरुण मंडळी ते चालवीत आणि त्यामागे राममनोहर लोहियांचे मार्गदर्शन होते. हा प्रक्षेपक कोणत्याही सरकारी भांडारातून आला नव्हता. ठिकठिकाणचे सुटे भाग जमवून, तंत्र जाणणाऱ्या माणसांच्या हातांनी तो उभा केला होता. पोलिसांच्या शोधगाड्या लहरींचा माग काढत फिरत आणि म्हणून केंद्राची जागा पुनःपुन्हा बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडले गेले, तेही एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे. यंत्र जाणणारा माणूस चळवळीला किती मोलाचा आणि तो हातचा गेला तर किती महाग पडतो, याचा याहून कठोर धडा नसेल. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ साली येरवड्यातून त्यांची सुटका झाली.

तेराच वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, सावंतवाडीजवळच्या आंबोलीच्या रानातून गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांत उमटू लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पुढे कॅसलरॉकच्या बाजूने तो डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत, जागता ठेवला. सह्याद्रीतील पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या दमट हवेत विजेचे यंत्र सहा वर्षे चालते ठेवणे म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. घाटमाथ्यावर ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांना हिरवी बुरशी धरते, पुठ्ठ्याचे कंडेन्सर पाणी पितात, जोड गंजतात. ते यंत्र रोज कोणीतरी उघडून पुसले असेल, सुकवले असेल, पुन्हा जोडले असेल. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, ते योग्यच झाले.

आता या कामाचे स्वरूप पाहावे, कारण ते न समजताच त्याला ‘जुगाड’ म्हणून हिणवण्याची किंवा उगाच डोक्यावर घेण्याची रीत पडली आहे. चाळीस वर्षे माळ्यावर पडलेला व्हॉल्व्हचा संच मिळाला म्हणजे जाणता मेकॅनिक तो कधीही थेट प्लगमध्ये घालत नाही. आतले फिल्टर कंडेन्सर सुकलेले असतात. त्यांना एकदम दाब दिला तर ते फुटतात आणि जाताना रेक्टिफायरला व ट्रान्सफॉर्मरला सोबत नेतात. म्हणून तो संचाच्या वाटेत एक साधा विजेचा दिवा मालिकेत जोडतो. दिवा भगभगून पेटला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. पेटून हळूहळू मंदावला तर संचात अजून प्राण आहे. हजारो रुपयांच्या उपकरणाने जे कळावे ते दहा-वीस रुपयांच्या दिव्याने कळते.

त्यानंतर त्याची नजर जाते ती आउटपुट व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसलेल्या एका मेणकागदी कंडेन्सरकडे. वयोमानाने तो गळू लागतो, म्हणजे जी वीज त्याने अडवायची ती तो थोडी थोडी पुढे सोडतो. परिणामी ईएल८४ सारख्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो धन दाब येतो, व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढतो, तापतो आणि अखेर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळतो. संच ‘चालतो आहे ना’ म्हणून समाधान मानणाऱ्याला हे कळत नाही. महिन्याभराने धूर निघाल्यावर कळते. कार्बनचे रोध वर्षांगणिक आपले मूल्य वाढवत गेलेले असतात, ते एकेक सोडवून मोजावे लागतात. उंदरांनी स्पीकरच्या कागदात घर केलेले असते. डायलची दोरी तुटलेली असते आणि ती ओवण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. कप्प्यांवरून तिचे किती वेढे, कोणत्या बाजूने, हे ज्याने शंभर संच उघडले त्याच्या बोटांनाच ठाऊक. सरतेशेवटी ४५५ किलोहर्ट्झच्या मध्यम कंप्रतेवर सारे आयएफटी जुळवायचे, गँगचे ट्रिमर फिरवून डायलवरची काटी आणि हवेतले केंद्र एका रेषेत आणायचे. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर काटी बरोबर बसली आणि मॅजिक आयच्या हिरव्या पट्ट्या जवळ आल्या की काम झाले.

ट्रान्झिस्टरच्या पहिल्या पिढीची व्यथा आणखी विलक्षण. एएफ११५ जातीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपणात कथलाचे केसाएवढे बारीक तंतू आपोआप वाढतात आणि आतल्या तारांना टोपणाशी जोडून टाकतात. संच बाहेरून निर्दोष दिसतो आणि बोलत मात्र नाही. अनुभवी माणूस ट्रान्झिस्टर न बदलता टोपणाला जोडलेला चौथा पाय कापतो आणि बहुधा आवाज परत येतो. ही युक्ती कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकवली नव्हती. दूरचित्रवाणीच्या जुन्या संचात तर काम प्राणावर बेतणारे असते, कारण पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि संच बंद केल्यानंतरही ट्यूब तो धरून ठेवू शकते. शटरच्या लाकडी कपाटातला कृष्णधवल संच आज पुन्हा उजळायचा तर दुसरी अडचण अशी की, दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे भूप्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ सर्वत्र थांबले. आता त्याला मध्ये एक रूपांतर करणारी पेटी जोडून चित्र पुरवावे लागते.

हे सारे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे ते लोक कोण? १९६० आणि १९७० च्या दशकांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून किंवा टपालाने चालणाऱ्या अभ्यासक्रमांतून शिकलेले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अथवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग धुंडाळणारे, तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर सहा बाय आठच्या खोक्यात आयुष्य काढलेले कारागीर. त्यांना पेन्शन नाही, विमा नाही, संघटना नाही. मोठ्या कारखान्यातील कामगाराविषयी डाव्या चळवळीने विपुल लिहिले. ठाण्याच्या मर्फीच्या कारखान्यात संच जोडणारा कामगार तिच्या हिशेबात होता. तोच संच वीस वर्षे चालता ठेवणारा दुकानदार-कारागीर मात्र ‘लघुभांडवलदार’ या खणात टाकला गेला आणि विसरला गेला. ही वर्गवारी शब्दशः बरोबर असेल, पण तिच्यामुळे एका मोठ्या श्रमिक समूहाकडे पाठ फिरवली गेली. १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला होता. जे यंत्र गावच्या माणसाला उघडता येते, समजते आणि नीट करता येते ते लहान, असा त्या विचाराचा अर्थ लावला तर व्हॉल्व्हचा रेडिओ आणि त्याच्यापुढे बसलेला मेकॅनिक हे त्याचे चालते उदाहरण होते.

याच्या शेजारी आजचा संच ठेवून पाहावा. जुन्या रेडिओच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो याचा नकाशा छापलेला असे. संपूर्ण आकृती विक्रेत्याच्या सर्व्हिस पुस्तिकेत असे आणि ती हातोहात फिरे. कंपनी धर्मात्मा होती म्हणून नव्हे. संच महाग होता, दुरुस्त होत नसता तर कोणी घेतला नसता. आजच्या संचाचे कवच डिंकाने बंद केलेले, आकृती गुप्त, सुटा भाग विकायचा नाही, संपूर्ण बोर्ड बदला, आणि बोर्डाची किंमत नव्या संचाच्या जवळपास. ग्राहकाने विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा अधिकारही विक्रेत्याकडे राहतो, ही मालमत्तेची कोणती व्याख्या? खासगी मालमत्तेच्या पावित्र्यावर व्याख्याने देणारे येथे मूग गिळून बसतात. २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यानंतर एक संकेतस्थळही निघाले. आकृत्या आणि सुटे भाग देणे कंपन्यांवर बंधनकारक करणारा कायदा मात्र झाला नाही. स्वेच्छेने माहिती द्या असे मक्तेदारांना सांगणे म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवणे.

न दुरुस्त झालेला संच जातो कोठे? पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. किरणांपासून पाहणाऱ्याचे रक्षण व्हावे म्हणून ते मुद्दाम घातलेले, आणि एका मोठ्या ट्यूबमध्ये ते किलोच्या हिशेबाने भरते. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तांब्याच्या गुंडाळीसाठी ही ट्यूब हातोडीने फोडली जाते, तारा उघड्यावर जाळल्या जातात, आणि हे काम करणारे बहुतांशी दलित, मुसलमान, स्थलांतरित आणि त्यांत बायका-मुले. संच सुशिक्षिताच्या घरी करमणूक करून गेला; त्याचे शिसे फोडणाऱ्याच्या रक्तात गेले. जुन्या संचांचे पुनरुज्जीवन हा या प्रश्नावर उपाय आहे असा दावा कोणी करू नये. कोट्यवधी ट्यूबांपुढे शे-दोनशे दुरुस्त संच म्हणजे दर्यात खसखस. पण ज्या हातांना संच सोडवता येतो, त्याच हातांना तो विष न सांडता मोडताही येतो, हे मात्र खरे आहे. आणि ई-कचऱ्याच्या धोरणात या हातांना जागा नाही.

ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून अमलात आहेत. ते २०१६ साली बदलले आणि नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत दुरुस्ती करून वस्तू पुन्हा वापरात आणणाऱ्याचा उल्लेख आहे, परंतु त्याने केंद्रीय मंडळाकडे नोंदणी करावी, विवरणे भरावीत. सहा बाय आठच्या खोक्यातल्या माणसाने हे कसे करावे याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. उत्पादकाच्या जबाबदारीची जी प्रमाणपत्रे बाजारात विकली जातात ती परत मिळवलेल्या धातूच्या वजनावर ठरतात. म्हणजे यंत्र तोडून त्यातले तांबे काढणाऱ्याला फायदा, ते चालू करणाऱ्याला त्या मानाने थोडेच. नियम हेतूने वाईट नाहीत. विषारी कचरा वाटेल त्याच्या हाती जाऊ नये म्हणून ते केले गेले. पण त्यांचा एक परिणाम सरकारी भांडारांत दिसतो आणि तो विचित्र आहे: जुनी यंत्रे ई-कचरा म्हणून एकदा यादीत चढली की ती नोंदणीकृत व्यावसायिकालाच द्यावी लागतात. एखाद्या शाळेने, प्रशिक्षण संस्थेने किंवा जाणत्या कारागिराने ती मागितली तरी मिळण्याची वाट बंद.

आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्या बाबतीत हे विशेष गंभीर आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पहिल्या दशकातील चित्रणांपैकी किती उरले याची चर्चा अधूनमधून होते. फिती महाग होत्या, परकीय चलन लागे, म्हणून जुन्या फितीवरच नवे चित्रण करण्याची पद्धत होती. ज्या उरल्या त्या ज्या यंत्रावर वाजतात ती यंत्रे कोणी बनवीत नाही. दोन इंची, एक इंची, यू-मॅटिक अशी प्रत्येक पिढीची फीत वेगळी, तिचे यंत्र वेगळे, त्याचे घासून जाणारे डोके वेगळे. युनेस्कोने २०१९ साली जगभरच्या संस्थांना चुंबकीय फितींविषयी इशारा दिला, त्यात २०२५ च्या सुमारास ही यंत्रे आणि ती चालवणारी माणसे दोन्ही दुर्मिळ होतील असे भाकीत होते. ते वर्ष उलटून गेले. फीत जपायची आणि ती वाजवणारे यंत्र भंगारात घालायचे, याला कारभार म्हणत नाहीत. लोककलावंतांची, शाहिरांची, किसान सभांची, संपकऱ्यांच्या मोर्चांची जी काही चित्रणे त्या फितींत असतील, ती खासगी कंपन्यांच्या संग्रहात दुसरीकडे कोठे सापडणार नाहीत, कारण त्या काळी खासगी कॅमेरे तेथे गेलेच नव्हते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फेटाळून लावण्याजोगा नाही. जुन्या यंत्रांचे प्रेम हे प्रतिगामी असते. गरीब देशांच्या माथी जुनाट तंत्र मारण्याचा धंदा परकीय कंपन्यांनी ‘दुरुस्ती’च्याच नावाने केला, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. आयबीएम या कंपनीने इतरत्र कालबाह्य झालेली १४०१ जातीची गणकयंत्रे मुंबईत दुरुस्त करून भारतीय संस्थांना भाड्याने दिली आणि त्यावर वर्षानुवर्षे कमाई केली. जनता राजवटीत, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकीय भागभांडवलाच्या अटी न मानता ही कंपनी १९७८ साली निघून गेली. पण ही कथा येथे संपत नाही, आणि नेहमी सांगितली जाते ती अर्धीच. कंपनी गेल्यावर तिची यंत्रे चालू ठेवली कोणी? कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक क्षेत्रातील संस्थेने. नावातच देखभाल असलेली सरकारी कंपनी! तिच्या अभियंत्यांनी परक्यांची यंत्रे उघडली, समजून घेतली, चालवली आणि त्यातून पुढे रेल्वे आरक्षणासारख्या कामांची क्षमता कमावली. दुरुस्ती आणि परावलंबन एक नव्हे. ज्ञान भाड्याच्या करारात कुलूपबंद राहते की देशातल्या हातांत उतरते यावर सारे ठरते. २००१ साली सरकारने ही संस्था टाटांना विकली, आणि त्या विक्रीवर डाव्यांच्या बाहेर फारसे कोणी हळहळले नाही.

रेडिओच्या बाबतीत मागणी याहून कितीतरी लहान आहे. प्रसार भारतीने निकामी ठरवलेले प्रक्षेपक, ध्वनिमुद्रक, कॅमेरे आणि संच ई-कचऱ्याच्या यादीत घालण्यापूर्वी त्यांची सूची प्रसिद्ध करावी आणि प्रशिक्षण संस्था, विद्यापीठे व ज्येष्ठ मेकॅनिक यांची एक समिती तीन महिन्यांत त्यांतील काय राखायचे, कोणते सुटे भाग काढून ठेवायचे हे ठरवील असा नियम करावा. जिल्ह्याच्या प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक बाक जुन्या संचांसाठी असावा आणि तेथे शिकवायला पदवीची अट न घालता मानधनावर कारागिरांना बोलवावे. साठी-सत्तरी ओलांडलेला जो माणूस दिव्याच्या उजेडावरून संचाचा आजार ओळखतो, त्याच्याजवळ प्रमाणपत्र नसते. दुरुस्ती करणाऱ्या छोट्या दुकानांची ई-कचऱ्याखालील नोंदणी नगरपालिकेच्या एका कागदावर, विनाशुल्क व्हावी, आणि चालू केलेल्या संचालाही वितळवलेल्या तांब्याइतकेच मोल प्रमाणपत्रांच्या हिशेबात मिळावे. शिसे असलेल्या ट्यूबा दुकानातून उचलण्याचा खर्च उत्पादकांवर टाकावा. ज्यांची नावे पेट्यांवर पितळेत कोरली होती त्यांतल्या काही कंपन्या राहिल्या नाहीत, त्यांच्या वाट्याचा भार आज बाजारात असलेल्यांनी उचलावा.

यांतील पहिल्या मागणीला कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. ते निघेपर्यंत जे लिलाव होतील त्यांत काय काय विकले जाते आहे, याची यादी माहितीच्या अधिकारात मागवण्याचे काम पक्षाच्या जिल्हा शाखांना करता येईल. अर्जाला दहा रुपये लागतात.